खोडावरची अळंबी

सरकारी कचेरीच्या आवारात झाड असले, की दप्तरात त्याच्या नावाची एक फाईल असतेच. माणसांप्रमाणे झाडेही अखेर कागदावर येतात. आणि एकदा ती कागदावर आली, की त्यांच्याकडे डोळ्यांनी पाहण्याची आपली सवय मोडते. ही सवय किती महाग पडू शकते, याचा एक अनुभव मला माझ्या नोकरीत आला. आजच्या विषयाशी माझी ओळख त्या अनुभवातूनच झाली, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

काही वर्षांपूर्वी माझी बदली एका जिल्ह्याच्या गावी झाली होती. तेथील कचेरीच्या दारात एक जुना गुलमोहर होता. वैशाखात तो असा फुले की, हेलपाटे घालून कंटाळलेला पक्षकारही क्षणभर मान वर करून पाही. त्याच्या सावलीत एक वृद्ध अर्जनवीस आपले लहानसे मेज मांडून बसत, आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसे भोवती उकिडवी बसून त्यांना आपली गाऱ्हाणी सांगत. एका पावसाळ्यात त्या झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक अर्धवर्तुळाकार फळी उगवली. रंग तांबूस तपकिरी, कडा पिवळसर, आणि पृष्ठभाग लाखेचे रोगण दिल्यासारखा चकचकीत. हाताला ती लाकडासारखी कठीण लागे. अर्जनवीसांना ती सोयीची वाटली. ते आपली चुन्याची डबी तिच्यावर ठेवू लागले.

यथावकाश माझ्यापुढे टिपणी आली : 'आवारातील गुलमोहराच्या बुंध्यावर बुरशी आली आहे. आदेश व्हावेत.' मी समासात लिहिले, 'काढून टाकावी.' त्याच दिवशी शिपायाने कोयत्याने ती फळी छाटली, पूर्ततेचा शेरा आला, आणि फाईल बंद झाली.

पुढे दोन वर्षांनी, जुलै महिन्यातल्या एका रात्री, वारा फारसा नसताना नुसत्या पावसात तो गुलमोहर मुळासकट आडवा झाला. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याचा पर्णसंभार हिरवागार होता. सकाळी आम्ही जाऊन पाहिले, तो अर्जनवीसांच्या मेजाचा खोडाखाली चुरा झालेला. अर्जनवीस तेवढे घरून निघायचे होते. उघड्या पडलेल्या मुळांना मी हात लावला. भिजलेल्या कापसासारखे ते पांढरट, तंतुमय लाकूड बोटांनी पिळले तर पाणी गळत होते. अर्जनवीस माझ्या शेजारी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, झाडाने अर्ज केला होता. आपण तो निकाली काढलात."

त्या वाक्याने मला पुस्तकांकडे आणि जाणत्यांकडे वळवले. त्यांतून जे समजले ते थोडक्यात सांगायचे आहे.

आपण ज्यांना अळंबी किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो, त्यांच्याच मोठ्या परिवारातील ही एक शाखा. जमिनीतून उगवणारी छत्री चार दिवसांची पाहुणी. खोडावरची ही अळंबी मात्र टणक, आणि तिच्या काही जाती वर्षानुवर्षे वाढत राहणाऱ्या. भिंतीत ठोकलेल्या फळीप्रमाणे ती खोडातून आडवी बाहेर येते, म्हणून इंग्रजीत तिला 'ब्रॅकेट फंगस' असे नाव पडले. माझ्या गुलमोहरावरची ती 'गॅनोडर्मा' या वंशातली. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'चकाकणारी त्वचा' असा आहे, आणि तो किती यथार्थ आहे हे मी प्रत्यक्ष पाहिलेच होते.

येथे एक मूलभूत गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याला दिसते ती फळी म्हणजे कवक नव्हे. ते कवकाचे केवळ फळ आहे. आंबा म्हणजे आंब्याचे झाड नव्हे, तसेच हे. खरे कवक म्हणजे केसाहून कितीतरी बारीक अशा तंतूंचे जाळे. ते लाकडाच्या आत पसरलेले असते आणि बाहेरून अजिबात दिसत नाही. ते वर्षानुवर्षे आत वाढते, खाते, साठवते; आणि पुरेसे बळ आले म्हणजे प्रजोत्पादनासाठी सालीबाहेर ही फळी काढते. म्हणजे फळी दिसते तेव्हा रोगाचा आरंभ झालेला नसतो; तो बराच पुढे गेलेला असतो. ती छाटणे म्हणजे आंबा तोडून झाड उपटल्याचे समाधान मानण्यासारखे आहे. किंबहुना त्याहून वाईट. कारण आतल्या संकटाची बाहेर दिसणारी एकुलती एक खूण आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. मी नेमके हेच केले होते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही सहजासहजी उमगलेली नव्हती. लाकूड आधी आपोआप कुजते आणि मग त्या कुजण्यातून बुरशी निपजते, अशी समजूत दीर्घकाळ होती. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग याने १८७४ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली कुजलेल्या लाकडातील तंतू आणि खोडावरची अळंबी यांचा संबंध जुळवून दाखवला, आणि कार्यकारणाचा क्रम उलटा झाला. बुरशी कुजण्यातून निपजत नाही. कुजणेच बुरशीमुळे घडते.

आता हे कवक नेमके खाते काय? लाकडाची रचना आपण बांधकामाच्या दृष्टांताने समजून घेऊ. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडाच्या सळ्या ताण सहन करतात, आणि भोवतालचे काँक्रीट दाब सहन करते. लाकडात सळ्यांचे काम सेल्युलोज करते, आणि काँक्रीटचे काम लिग्निन नावाचे द्रव्य करते. लिग्निनमुळेच झाड ताठ उभे राहते आणि लवकर कुजत नाही, कारण हे द्रव्य फोडणे बहुतेक जीवांच्या आवाक्याबाहेरचे आहे. या कवकांपैकी एका गटाने मात्र ती विद्या साधली आहे. हा गट लिग्निन फोडतो आणि सेल्युलोजही खातो. लाकूड फिकट, मऊ आणि तंतुमय होते. याला श्वेत कूज म्हणतात. माझ्या हाताला लागले ते हेच. दुसरा गट सेल्युलोज खातो आणि लिग्निन बव्हंशी तसेच ठेवतो; मग लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडतात आणि बोटांत चुरल्यास त्याची पूड होते. ही तपकिरी कूज. एकात काँक्रीट आणि सळ्या दोन्ही जातात, तर दुसऱ्यात फक्त सळ्या. इमारतीचे व्हायचे ते दोन्हींकडे होतेच. श्वेत कुजीत लिग्निन फोडणारे एक विकर शास्त्रज्ञांनी १९८३ साली एका कवकात शोधून काढले. यावरून हा अभ्यास किती अलीकडचा आहे हे ध्यानात येईल.

या फळीची रचना मोठी विलक्षण आहे. तिची खालची बाजू भिंगातून पाहिली, तर तेथे टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचे तोंड. नळीच्या आतल्या बाजूस बीजाणू तयार होतात आणि खाली गळून वाऱ्यावर जातात. गॅनोडर्माच्या एका मोठ्या जातीची एकच फळी दिवसाला सुमारे ३० अब्ज बीजाणू सोडते, आणि हा क्रम वर्षातून सुमारे सहा महिने चालतो, असा हिशेब कॅनडात काम करणारा कवकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. बीजाणू नळीच्या भिंतीला न चिकटता खाली पडावेत, यासाठी नळी अगदी लंबरेषेत असावी लागते. म्हणून ही अळंबी गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत गवंड्याच्या ओळंब्याइतकी काटेकोर असते. झाड पडले आणि जुनी फळी तिरकी झाली, तर पुढची वाढ नव्या दिशेने, पुन्हा जमिनीला समांतर होते. त्यामुळे आडव्या खोडावरील फळी पाहून, ती झाड उभे असताना आली की पडल्यावर, हे जाणकार सांगू शकतो. बहुवर्षायू जातींत नळ्यांचे थरावर थर चढतात. फळीचा छेद घेतला तर ते थर मोजता येतात, आणि तिच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

माणसाचा या अळंब्यांशी संबंध फार प्राचीन आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, बर्फात जतन झालेला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचा देह सापडला. त्याच्या सामानात दोन प्रकारच्या खोड-अळंब्या होत्या. एकीचा लगदा ठिणगी धरून तासन् तास धुमसतो. तो त्याचा विस्तव पेटवण्याचा काकडा. दुसरी, भूर्जवृक्षावर वाढणारी, त्याने चामड्याच्या वादीत ओवून ठेवली होती. ती औषधी असावी असा विद्वानांचा तर्क आहे. चीनमध्ये गॅनोडर्माच्या एका चकचकीत जातीला दीर्घायुष्याचे प्रतीक मानून चित्रांत आणि कोरीवकामात मानाचे स्थान मिळाले. आपल्याकडेही कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर येणारी एक कठीण, तपकिरी अळंबी 'फणसाळंबे' किंवा 'फणसोंबा' या नावांनी ओळखली जाते. लहान मुलांचे तोंड आले किंवा लाळ फार गळू लागली, की ती पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याची चाल आहे. आजीच्या बटव्यातील हा लाकडासारखा तुकडा म्हणजे झाडाच्या आतून चाललेल्या क्षयाचे फळ होय, ही कल्पना तो उगाळणाऱ्या हातांना क्वचितच असेल.

आधुनिक काळात या विषयाचा भारतात पाया घालणाऱ्यांमध्ये कलकत्त्याचे सहायराम बोस यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १८८८ साली जन्मलेल्या बोसांनी कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना बंगालमधील या कवकांची वर्षानुवर्षे नोंद केली. मेलेल्या लाकडावर येणाऱ्या एका शेंदरी-तांबड्या अळंबीपासून त्यांनी १९४० च्या दशकात 'पॉलिपोरिन' हे जंतुनाशक द्रव्य मिळवले. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत बी. के. बक्षी यांनी अरण्यातील वृक्षांचे हे रोग तपासले. झाडांवर व इमारती लाकडावर येणाऱ्या भारतीय कवकांवरचा त्यांचा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. हा अभ्यास केवळ कुतूहलाचा नव्हता. विड्यातला कात खैराच्या गाभ्यापासून निघतो, आणि एक खोड-अळंबी नेमका तोच गाभा पोखरते. माडाच्या बुंध्याला गॅनोडर्मा लागला, की खोडातून तांबूस द्रव झरतो, झावळ्या गळतात, आणि अळंबी बहुधा शेवटी उगवते. १९५२ च्या चक्रीवादळानंतर तंजावूर भागात हा रोग प्रथम ध्यानात आला, म्हणून त्याला त्या गावाचे नाव मिळाले. ज्याची उपजीविका चार माडांवर आहे, त्याच्या दृष्टीने ही अळंबी म्हणजे घरावरची जप्तीच होय.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, की मग ही पीडा समूळ नाहीशी करावी. परंतु निसर्गाच्या कारभारात एकाच नोंदीवरून निकाल देता येत नाही. क्षणभर अशी कल्पना करा की लाकूड कुजतच नाही. रानात पडलेला प्रत्येक ओंडका जिथल्या तिथे राहील, ओंडक्यावर ओंडका चढेल, आणि त्यांत अडकलेली पोषकद्रव्ये मातीत परत न आल्याने नव्या रोपाला काही मिळणार नाही. २०१२ साली अनेक कवकांच्या जनुकीय आराखड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. तीवरून असे अनुमान निघाले, की लिग्निन फोडण्याची ही विद्या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, दगडी कोळशाच्या युगाच्या अखेरीस, उदयास आली. कोळसा साठणे कमी होण्यास हीच कवके कारणीभूत झाली काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण अरण्याचा जमाखर्च त्यांच्यावाचून जुळत नाही, याविषयी मतभेद नाहीत.

शिवाय, पोखरलेले झाड म्हणजे निरुपयोगी झाड, हा हिशेब फक्त वखारवाल्याचा. सुतार पक्षी पुष्कळदा कुजीने मऊ झालेल्या लाकडातच ढोली कोरतो. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालण्यासाठी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. धनेशाला ढोली कोरता येत नाही. ती त्याला आयती मिळावी लागते, आणि तिच्यामागे बहुधा एखाद्या कवकाचे कित्येक वर्षांचे काम असते.

तेव्हा प्रश्न अळंबी चांगली की वाईट, हा नाही. प्रश्न हा की, ती कोणत्या झाडावर, कोठे आणि कोणाच्या डोक्यावर उगवली आहे. अरण्यात ती आपल्या जागी आहे; रस्त्यावर, शाळेत, बाजारात ती आपल्याला एक सूचना देत असते. ती सूचना वाचण्याची रीत साधारण अशी आहे. अळंबी बुंध्याशी किंवा मुळांवर असेल, तर धोका सर्वांत अधिक; कारण मुळे गेली की डोलारा हिरवा असतानाही झाड उलथते. ती उंच, एखाद्या जुन्या मोडक्या फांदीच्या खुंटाजवळ असेल, तर कूज तेवढ्यापुरतीच असणे शक्य आहे. खोड पोकळ आहे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. गाभ्याचे लाकूड मृतच असते, आणि पोकळ नळीही पुष्कळ भार सोसते. शाबूत लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक-तृतीयांशाहून पातळ झाली की सावध व्हावे, असा एक ढोबळ नियम आहे. ती जाडी अजमावण्यासाठी लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत आहे, आणि ध्वनिलहरींनी आतला नकाशा काढणारी नवी यंत्रेही आहेत.

आणि मुळात हे कवक आत शिरते कसे? बहुतेक वेळा जखमेतून. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली आपला सिद्धांत मांडला. माणसाची जखम भरून येते, झाडाची भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती उभारते आणि शत्रूला त्या कोठडीत कोंडून स्वतः बाहेरून नवे लाकूड घालते. ही तटबंदी झाडानेच करायची असते. आपण एवढेच करावे की तिला सुरुंग लावू नये. फांदी कापायची तर तिच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो, तो राखून कापावी. खोडाला लागून सपाट छाटू नये. डांबर फासल्याने कूज थांबत नाही. आणि नळ, तारा, गटारे यांसाठी चर खणताना मुळे तोडली, बुंध्यापर्यंत फरशी बसवली, खोडात खिळे ठोकून पाट्या लावल्या, की कवकाला आपण आवतणच धाडतो. माझ्या गुलमोहराच्या मुळाशी आमच्याच कचेरीने कधीकाळी नळाचा चर खणला होता. त्याचीही एक फाईल होती.

महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे, आणि त्याखाली वृक्षाधिकारी नेमलेले असतात. झाड तोडण्यास परवानगी लागते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु झाड तपासा, अशी विनंती करणारा अर्ज मात्र विरळा येतो. तोडा आणि तोडू नका, या दोन टोकांमध्ये 'पाहा' नावाची एक पायरी आहे. अळंबी आपल्याला त्या पायरीवर उभे करते.

पुढे माझी बदली दुसऱ्या गावी झाली. तेथे एका शाळेच्या मैदानाकडेला जुनी चिंच होती. तिच्या खोडावर, दोन पुरुष उंचीवर, काळसर अळंबी आली होती. मुख्याध्यापकांचा अर्ज आला : मुलांच्या जिवाला धोका आहे, झाड तोडावे. या वेळी मी समासात काही लिहिले नाही. वनखात्यातील एका अनुभवी वनपालांना बरोबर घेऊन मी स्वतः गेलो. त्यांनी लाकडी हातोडीने खोडाभोवती फिरून ठोकून पाहिले, मुळांशी माती उकरली, शिडी लावून अळंबीजवळ कान दिला. मुळे शाबूत होती. पोकळी होती ती वादळात मोडलेल्या एका फांदीच्या खुंटाखाली, आणि तिच्यात पिंगळ्यांचे एक जोडपे राहत होते. मैदानावर झुकलेली एक जड फांदी तेवढी उतरवली आणि चिंच ठेवली.

अळंबीला कोणी हात लावला नाही. फाईलही मी बंद केली नाही. तिच्यावर शेरा लिहिला : 'पावसाळ्यापूर्वी, दर वर्षी मे महिन्यात, झाड प्रत्यक्ष पाहून सादर करावी.'